'इम्पीड' हे क्रियापद रोजच्या इंग्रजीत कसं वापरायचं?

तुमचा प्रश्न असा आहे की 'इम्पीड' म्हणजे अडथळा आणणे हा अर्थ पाठ आहे पण बोलताना तो शब्द कुठे बसवायचा ते कळत नाही, आणि मित्र मध्येमध्ये करत असेल तर त्याला 'डोन्ट इम्पीड मी' म्हटलं तर चालेल का. आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. व्याकरणात चूक नाही, पण असं कोणी बोलत नाही. तिथे 'यू आर इन माय वे' म्हणा, किंवा काम करू देत नसेल तर सरळ 'लेट मी फिनिश धिस'.

आता मुख्य गोष्ट. आपण मराठीत अडथळा 'आणतो', अडथळा 'येतो', अडथळा 'होतो', म्हणजे अडथळा हे नाम आणि त्याला जोडून दुसरं क्रियापद. त्यामुळे इंग्रजी बोलतानाही डोक्यात तीच जोडी तयार होते आणि तोंडातून 'इम्पीड केम इन माय वर्क' किंवा 'ही इज डूइंग इम्पीड' असलं काहीतरी बाहेर पडतं. इम्पीडमध्ये ते 'आणणे' आधीच आहे. कोणी अडवलं ते आधी, मग इम्पीड, मग काय अडलं ते, मध्ये 'टू' नाही 'इन' नाही काही नाही. 'हेवी स्नो इम्पीडेड द रेस्क्यू टीम', म्हणजे जोरदार बर्फामुळे बचाव पथकाला पुढे जाणं अवघड झालं. नामच हवं असेल तर 'इम्पीडिमेंट' आहे, बोलताना अडखळण्याचा त्रास असतो त्याला 'स्पीच इम्पीडिमेंट' म्हणतात तोच. उच्चार करताना जोर 'पीड' वर द्या, 'इम' पटकन उरकायचं.

दुसरी गोष्ट जी डिक्शनरीतल्या एका ओळीच्या अर्थातून कळत नाही ती म्हणजे इम्पीड झालेलं काम बहुतेक वेळा पूर्ण बंद पडत नाही, रखडतं, मंदावतं. वरच्या वाक्यात पथक पोचलं असेलही, पण उशिरा आणि हाल होऊन. पोचूच शकलं नाही असं सांगायचं असेल तर 'प्रिव्हेंटेड' किंवा 'स्टॉप्ड' वापरा. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण रिपोर्टमध्ये इम्पीड लिहिलं की वाचणारा समजतो काम चालू आहे पण हळू, आणि प्रत्यक्षात ते ठप्प झालेलं असेल तर चुकीची माहिती गेली ना.

शब्द लक्षात ठेवायचा असेल तर त्याचं मूळ बघाच, मला ते खूप आवडतं. लॅटिनमध्ये पायाला जो शब्द आहे त्यातूनच पेडल आणि पेडेस्ट्रियन आले आणि इम्पीडही तिथलाच, मूळ अर्थ पायात काहीतरी अडकवणे. आणि आपण काय म्हणतो? खोडा घालणे! खोडा म्हणजे पूर्वी कैद्याचे पाय ज्यात अडकवून ठेवायचे ते लाकूड. म्हणजे दोन्ही भाषांनी अगदी तोच विचार केलाय. आणि उलट 'एक्स्पीडाइट', कामाला गती देणे, म्हणजे मुळात अडकलेले पाय मोकळे करणे. वीज शिकलेल्यांना 'इम्पीडन्स' माहीत असेल, एसी करंटला सर्किटमधून होणारा एकूण विरोध, तो शब्द ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑलिव्हर हेविसाइडने 1886 मध्ये रूढ केला, त्यातही तेच, करंट वाहतो पण विरोध सोसून.

मग हा शब्द खरा ऐकू कुठे येतो? बातम्या, कोर्ट, मेडिकल रिपोर्ट, ऑफिसचे ईमेल आणि खेळ. फुटबॉलच्या नियमांत तर शब्दशः आहे, बॉल आपल्या खेळण्याच्या टप्प्यात नसताना नुसतं समोरच्याच्या वाटेत आडवं जाऊन त्याला थांबायला किंवा वळायला लावलं की ते 'इम्पीडिंग', धक्का लागला नसेल तर इनडायरेक्ट फ्री किक आणि लागला तर डायरेक्ट. फॉर्म्युला वन कार रेसच्या क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे शर्यतीआधी एकेका लॅपची वेळ मोजतात तेव्हा, हळू गाडी मागून येणाऱ्या वेगवान गाडीच्या लाइनमध्ये राहिली की कॉमेंटेटर 'इम्पीडेड' म्हणतो, मागच्या ड्रायव्हरने लॅप पूर्ण केला तरी वेळ वाया गेलेला असतो. इथे अर्थ अगदी नेमका दिसतो.

क्रिकेटमध्ये मात्र शब्द वेगळा, 'ऑब्स्ट्रक्टिंग द फील्ड', म्हणजे बॅट्समनने मुद्दाम फिल्डिंगमध्ये अडथळा आणणे. 1951 मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडचा लेन हटन असा आउट झाला होता, आणि 2023 मध्ये बांगलादेशच्या मुशफिकुर रहीमने बॉल हाताने बाजूला ढकलला तेव्हा तोही. ऑब्स्ट्रक्टमध्ये वाटच अडवल्याचा भाव जास्त आहे, म्हणून रस्ता, दरवाजा, दृश्य यांना ऑब्स्ट्रक्ट छान बसतं. 'हिंडर' आणि 'हॅम्पर' हे इम्पीडच्या खूप जवळचे, बऱ्याच वाक्यांत अदलाबदल चालते त्यामुळे त्यावर डोकं खपवू नका. 'थ्वॉर्ट' तेवढा वेगळा ठेवा, तो म्हणजे एखादा बेत हाणून पाडणे.

आणि तोंडी बोलताना यातला एकही शब्द नाही वापरला तरी काही अडत नाही. खोळंबा झाला असेल तर 'आय गॉट हेल्ड अप', कोणी किंवा काही आडवं आलं तर 'गॉट इन द वे', काम रेंगाळलं तर 'इट स्लोड अस डाउन'. ट्रॅफिकमध्ये अडकून उशीर झाला आणि तुम्ही फोनवर 'आय वॉज इम्पीडेड बाय ट्रॅफिक' म्हणालात तर समोरच्याला कळेल सगळं, फक्त ऐकायला विचित्र वाटेल, तिथे 'हेल्ड अप इन ट्रॅफिक' हेच सहज येतं. तीच अडचण ईमेलमध्ये लिहिताना 'द डिले इन अप्रूव्हल इज इम्पीडिंग अवर प्रोग्रेस' एकदम योग्य, उलट तिथे 'गेटिंग इन द वे' थोडं सैल वाटेल. प्रोग्रेस, ग्रोथ, मूव्हमेंट, रिकव्हरी, अशी पुढे सरकणारी नामं इम्पीडनंतर टाकून स्वतःची पाचसहा वाक्यं लिहून बघा, आणि हवं तर खाली टाका, मी तपासून सांगेन.