शिकलेली असून मी फसले कशी?

कर्वे रस्त्यालगतच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत त्या ताई आल्या होत्या, त्या झोप लागत नाही म्हणून. (ओळख पटू नये, इतके तपशील बदलले आहेत.) तिसऱ्या भेटीत त्यांनी पर्समधून कॅप्सूलची एक बाटली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मुलांना ताळेबंद शिकवते मी, आणि अकरा हजार रुपये यात घातले. शिकलेली असून मी फसले कशी?"

भाचीचे लग्न जवळ आले होते आणि शिंप्याने ब्लाउज परत करताना "शिलाईत सोडायला आता कापड उरले नाही" असे चारचौघींत सांगितले होते. त्याच रात्री मोबाइलवर वजन घटवण्याच्या या कॅप्सूलची जाहिरात दिसली. बाटली तांदळाच्या डब्यामागे लपवलेली असे. छातीत धडधड होते हे त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते, आणि झोप उडण्याचा काळही कॅप्सूल सुरू झाल्यापासूनचाच निघाला. त्या दिवशी समुपदेशन बाजूला ठेवून मी त्यांना बाटलीसह डॉक्टरांकडे पाठवले, कारण वजन घटवण्याच्या अशा काही उत्पादनांत सिब्युट्रामिन हे औषध न सांगता मिसळलेले आढळले आहे. रक्तदाब आणि नाडीचा वेग वाढवणाऱ्या या औषधावर भारतात 2011 पासून बंदी आहे. डॉक्टरांनी कॅप्सूल तत्काळ थांबवल्या.

पुढच्या भेटीत आम्ही दोघी ती जाहिरात पुन्हा वाचायला बसलो. "सात दिवसांत सात किलो" हा दावा मी त्यांच्याच हाती दिला. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी, एवढेच सांगितले. पेन्सिल घेऊन त्यांनीच हिशेब मांडला आणि रोज 7,700 कॅलरी जाळाव्या लागतील या आकड्यापाशी थांबल्या, कारण त्यांच्यासारख्या बाईचा दिवसाचा एकूण खर्च दोन हजारांच्या आसपास असतो. म्हणजे आठवडाभर कडकडीत उपास केला तरी हे गणित जुळत नाही. लेबलावरचा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक मोजला, तर चौदाऐवजी तेराच अंक भरले. अर्थात चौदा भरले असते, तरी तो परवाना खाद्यव्यवसायाचा असतो, वजन उतरल्याचा दाखला नव्हे, आणि हा फरक भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करण्यास तर 1954 च्या कायद्यानेच मनाई आहे.

अभिप्राय मात्र त्यांना वाचवेनात. दोनशेच्या वर पंचतारांकित अभिप्राय, बहुतेक सलग चार दिवसांतले; "माझ्या नणंदेनेही मागवले" हे वाक्य तीन वेगवेगळ्या नावांखाली, त्याच चुकीच्या वेलांटीसह. चव कशी, पार्सल केव्हा आले, पोट बिघडले का, यांबद्दल एक अक्षर नाही. "हे मला तेव्हाही दिसले होते," त्या हळूच म्हणाल्या.

माझ्या मते उत्तर इथे आहे. त्यांची बुद्धी कमी पडली नव्हती. पैसे भरण्याआधी 'आहारतज्ज्ञ' म्हणवणाऱ्या एका मुलीने फोनवर वीस मिनिटे त्यांचे ऐकून घेतले होते, बाळंतपण, थायरॉइड, सासूबाईंचे टोमणे, सगळे. घरात कोणी दोन मिनिटेही ऐकले नव्हते. अकरा हजार रुपयांत त्यांनी बहुधा तेच विकत घेतले. ज्या गोष्टीची लाज वाटते, ती आपण शेजारणीला दाखवत नाही, आणि दाखवली असती तर शेजारणीने वेलांटी नक्की पकडली असती.

दुसऱ्या टप्प्यासाठी आणखी चार हजार मागणारे निरोप येतच होते. ते त्यांनी पुसले नाहीत. पुरावा म्हणून त्यांची छायाचित्रे ठेवली, बँकेला कळवले, सायबर फसवणुकीच्या 1930 वर तक्रार नोंदवली, आणि ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर माझ्यासमोरच फोन लावला. उत्पादन कोणते, असे पलीकडून विचारल्यावर त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "ऐकू आले नाही, मॅडम." त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि मोठ्याने सांगितले, "वजन कमी करायच्या कॅप्सूल."