'तांत्रिक मंदी' म्हणजे कोणती मंदी?

प्रश्न असा आहे: बिझनेस स्कूलच्या एका प्राध्यापकांची चालू आर्थिक स्थितीवरची प्रतिक्रिया मराठीत छापून आली. त्यात एकापाठोपाठ तीन वाक्यं होती. 'अर्थव्यवस्था मंदावली आहे', 'देश तांत्रिक मंदीत गेला आहे' आणि 'पण ही खरी मंदी नव्हे'. प्रश्नकर्त्याला आधी वाटलं, ही तंत्रज्ञान क्षेत्रातली मंदी असावी. तसं नसेल, तर मंदावलेली अर्थव्यवस्था मंदीत नाही हे कसं काय?

तंत्रज्ञानाशी हिचा काही संबंध नाही. प्राध्यापक म्हणाले असणार 'टेक्निकल रिसेशन'. महागाईचा परिणाम वजा करून मोजलेला जीडीपी, म्हणजे देशातलं एकूण उत्पादन, लागोपाठ दोन तिमाहींत आधीच्या तिमाहीपेक्षा घटला, की हा शब्द वापरतात. म्हणजे ठरलेल्या निकषावर बोट ठेवून पाहिलं, तर मंदी. त्यापलीकडे आत्ता काही म्हणायचं नाही. बोलणाऱ्याने हा शब्द निवडला तो बहुधा हातचं राखून बोलण्यासाठीच.

मराठीत हा अर्थ 'तांत्रिक'मधून निघतो का? कधी निघतो, कधी नाही. 'तांत्रिक मुद्द्यावर सुटला' म्हटलं की नियमाच्या अक्षरावर सुटला हे कुणालाही कळतं. 'तांत्रिकदृष्ट्या तो अजून पदावर आहे' यातही तेच. पण 'तांत्रिक बिघाड' यंत्रातला, 'तांत्रिक शिक्षण' तंत्राचं, आणि शेअर बाजारातलं 'तांत्रिक विश्लेषण' आलेख बघून केलेलं. मुद्दा, आक्षेप अशा वादातल्या नामांपुढे हे विशेषण 'नियमापुरतं' असा अर्थ देतं, इतरत्र ते यंत्राकडे किंवा तंत्राकडे झुकतं. मंदी हे वादातलं नाम नाही, म्हणून वाचक फसतो. क्रियाविशेषण मात्र सहसा दगा देत नाही. 'देश तांत्रिकदृष्ट्या मंदीत आहे' असं लिहिलं असतं, तर बहुधा हा प्रश्नच आला नसता.

विशेषणच हवं असेल तर मी 'व्याख्येपुरती मंदी' म्हणेन. 'कागदोपत्री मंदी' कुणी सुचवेल, पण कागदोपत्री म्हणजे प्रत्यक्षात नसलेली, आणि घट तर खरीच झालेली असते. 'तिमाही मंदी' तीन महिन्यांत संपणारी वाटते.

हा दोन तिमाहींचा नियम आला कुठून? अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाचे तेव्हाचे प्रमुख ज्युलियस शिस्किन यांनी 1974 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधल्या लेखात मंदी ओळखायचे काही ठोकताळे दिले होते. त्यात दोन तिमाहींची घट होती, तसाच रोजगार होता, औद्योगिक उत्पादन होतं, बेरोजगारी होती. लोकांनी सगळ्यात सोपा, दोन तिमाहींचा, तेवढा उचलला. अमेरिकेत मंदीच्या तारखा ठरवणारी नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्चची समिती हा नियम पाळत नाही. घसरण किती खोल, किती क्षेत्रांत पसरलेली आणि किती काळ टिकलेली, हे ती पाहते. म्हणून मार्च ते नोव्हेंबर 2001 ही तिच्या लेखी मंदी, जरी आजच्या सुधारित आकड्यांत लागोपाठ दोन घसरत्या तिमाही दिसत नाहीत. उलट 2022 च्या पहिल्या दोन्ही तिमाहींत, तेव्हाच्या आकड्यांनुसार, जीडीपी घटला होता, पण रोजगार वाढत होता आणि समितीने मंदी जाहीर केली नाही. त्या उन्हाळ्यात 'मंदी आहे की नाही' यावर जो गदारोळ झाला, तो बराचसा शब्दाचाच होता.

शिवाय व्याख्येपुरती मंदी नंतर पुसलीही जाऊ शकते. फेब्रुवारी 2024 मध्ये जपान मंदीत गेल्याच्या बातम्या आल्या. मार्चमध्ये सुधारित आकडे आले, 2023 ची शेवटची तिमाही घटीतून किंचित वाढीत गेली आणि ती मंदी नाहीशी झाली. तोवर तिच्यावर प्रतिक्रिया देऊन झालेल्या होत्या.

आता मंदावणं आणि मंदी. खरा गुंता इथे आहे, आणि तो आपल्या भाषेतला आहे. इंग्रजीत स्लोडाउन आणि रिसेशन यांचं एकमेकांशी नातं नाही. एकात वेग कमी होतो, दुसऱ्यात पाऊल मागे पडतं. मराठीत दोन्ही 'मंद'पासून निघतात, आणि मंद म्हणजे हळू. मागे जाणं त्यात कुठेच नाही. शब्दशः पाहिलं तर 'मंदी' स्लोडाउनलाच जास्त शोभते! पण रूढीने ती रिसेशनला दिली आणि 1929 नंतरच्या डिप्रेशनला 'महामंदी' म्हटलं. आता ते बदलायला जाण्यात अर्थ नाही. उत्पादन शंभराचं एकशेसहा झालं, पुढच्या वर्षी एकशेदहा, तर वाढ मंदावली. शंभराचं अठ्ठ्याण्णव झालं तर अर्थव्यवस्था आकसली. म्हणून 'अर्थव्यवस्था मंदावली' असं मोघम न लिहिता 'वाढ मंदावली' किंवा 'वाढीचा वेग उतरला' लिहावं. मंदावते ती वाढ, हे एकदा वाक्यात आलं की मंदीशी गल्लत होत नाही. (त्याच पंगतीतली 'नकारात्मक वाढ' तर मला सहनच होत नाही. घट म्हणा की!)

आणखी एक खाचखळगा, जो प्रश्नात नाही पण अशा प्रतिक्रिया वाचताना हमखास लागतो. 'मंदी' हा आधी बाजाराचा शब्द, तेजीचा जोडीदार. भाव उतरले, मालाला उठाव नाही, की मंदी. तेजीवाले आणि मंदीवाले आजही त्याच अर्थाने आहेत. बिझनेस स्कूलमध्ये अर्थशास्त्राच्या शेजारी वित्त आणि विपणन शिकवणारेही बसतात. वित्ताचे प्राध्यापक मंदीचा बाजार म्हणतात तेव्हा शेअरचे निर्देशांक शिखरावरून साधारण 20 टक्के उतरलेत असा त्यांचा अर्थ असतो. विपणनवाल्यांची मंदी म्हणजे गिऱ्हाईक हात आखडून आहे. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांची मंदी ती वर सांगितलेली. या तिन्ही एकत्र याव्यात असा नियम नाही. वॉल स्ट्रीटच्या, म्हणजे अमेरिकी शेअर बाजाराच्या, निर्देशांकांनी गेल्या पाचपैकी नऊ मंद्यांचं भाकीत केलं (म्हणजे चार आल्याच नाहीत), हा अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएल्सन यांचा 1966 मधला टोमणा याच फटीत बसतो. तेव्हा 'मंदी' वाचली की बोलणारा काय शिकवतो, हेही नावाखाली पाहावं. अनुवादकाने निदान 'शेअर बाजारातली मंदी', 'मागणीतली मंदी' असं खुलं करून लिहायला हरकत नसावी.

प्राध्यापकांच्या प्रतिक्रियेतलं तिसरं वाक्य, 'पण ही खरी मंदी नव्हे', मला सगळ्यात खटकलं. प्राध्यापकांना बहुधा म्हणायचं होतं की घसरण उथळ आहे आणि रोजगारापर्यंत पोचलेली नाही. 'खरी' शब्दाने आधीचं वाक्य खोटं पडतं. मी ते तिन्ही मिळून असं लिहिलं असतं: 'वाढ वर्षभर मंदावत होती, आता लागोपाठ दोन तिमाही उत्पादन घटल्याने देश व्याख्येपुरता मंदीत आला आहे, मात्र घसरण अजून फार पसरलेली नाही.' अवतरणचिन्हांत प्राध्यापकांचेच शब्द द्यायचे असतील, तर 'तांत्रिक मंदी' ठेवा आणि लगेच पुढे 'म्हणजे लागोपाठ दोन तिमाहींतली घट' एवढं जोडा.