अमेरिकन फुटबॉलमध्ये हेल्मेट असतं, तरी मेंदूला धोका कसा?

तुमचा १२ वर्षांचा भाचा न्यू जर्सीत शाळेच्या फुटबॉल टीममध्ये जायचं म्हणतोय. हेल्मेट, पॅड सगळं असतं, तरी बहीण नको म्हणतेय; तिची भीती अनाठायी आहे का, असं तुम्ही विचारलंय. मला तिचं म्हणणं पटतं. मी काही वर्षं पिट्सबर्गला राहिले आणि तिथे या खेळाची गोडी लागली. आजही रविवारी सामना लावतेच. पण तिथेच माइक वेबस्टर या जुन्या खेळाडूबद्दल कळलं आणि तेव्हापासून माझी नजर चेंडूवर कमी, डोक्यांवर जास्त असते.

वेबस्टर विस्कॉन्सिनचा. १९७४ साली एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये नव्या खेळाडूंची निवड झाली, तेव्हा पिट्सबर्ग स्टीलर्स या टीमनं त्याला पाचव्या फेरीत घेतलं. पुढे या टीमनं चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले, तेव्हा चारही वेळा तो टीममध्ये होता. कडाक्याच्या थंडीतही उघड्या दंडांनी खेळायचा. एकूण १७ हंगाम खेळला, शेवटचे दोन कॅन्सस सिटीकडून.

त्याची जागा सेंटरची. जुनी रेकॉर्डिंग्ज मिळाली तर ५२ नंबरकडे बघा. तो ओणवा होतो, चेंडू दोन पायांमधून मागे देतो आणि त्याच क्षणी समोरचा धिप्पाड गडी त्याच्यावर धडकतो. डोक्यावर डोकं. एका सामन्यात असं ६०-७० वेळा, शिवाय आठवडाभर सरावात. यातल्या बहुतेक धडकांनंतर कुणी पडत नाही, चक्कर येत नाही, डॉक्टरही धावत येत नाही. म्हणूनच त्या कुणी मोजत नाही.

हेल्मेटनं कवटी वाचते. पण स्टीलच्या डब्यात दही घालून डबा जोरात हिसडला तर डब्याला पोचाही येत नाही, आतलं दही मात्र मोडतं. मेंदूचं तसंच होतं. टाळूला कितीही जाड गादी लावा, आतला मेंदू हलायचा तो हलतोच.

निवृत्तीनंतर वेबस्टरचं सगळं विस्कटलं. विसरायला लागला, संताप आवरेना, पैसा गेला, घर सुटलं, कित्येक रात्री त्यानं गाडीत काढल्या. झोप लागावी म्हणून तो स्वतःला विजेचे झटके देऊन घ्यायचा. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. १९९७ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, घेतलं, तेव्हा व्यासपीठावरचं त्याचं भाषण भरकटत गेलं. २००२ मध्ये तो गेला, वय अवघं ५०.

शवविच्छेदन करणारे डॉ. बेनेट ओमालू मूळचे नायजेरियाचे. मेंदू वरून नेहमीसारखाच दिसत होता. तरी त्यांनी तो जपून ठेवायला लावला आणि पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गाठी सापडल्या. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी जोडलेल्या मेंदूच्या या आजाराला सीटीई (क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी) म्हणतात. २००५ मध्ये त्यांनी निबंध छापला, तर लीगशी संबंधित डॉक्टरांनी तो मागे घ्यायची मागणी केली. मला चीड याची येते की खेळाडूंच्या पेन्शन बोर्डानं १९९९ मध्येच मान्य केलं होतं की वेबस्टरचं अपंगत्व खेळताना डोक्याला झालेल्या इजांमुळे आलंय.

प्रत्येक खेळाडूला हा आजार होतो असं अजिबात नाही. पण त्याचं पक्कं निदान अजूनही मृत्यूनंतरच होतं, त्यामुळे मुलाची तपासणी करून निश्चिंत व्हायची सोय नाही. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११ च्या करारानं व्यावसायिक टीमना हंगामात पूर्ण धडकाधडकीचे सराव १४ पर्यंतच ठेवायला लावले. मोठ्यांसाठी एवढी काळजी, तर बारा वर्षांच्या पोराला घाई कशाला?

भाच्याला सध्या फ्लॅग फुटबॉल खेळू द्या. त्यात गड्याला पाडायचं नसतं, कमरेची पट्टी ओढायची. धावणं, पास, डावपेच सगळं शिकता येतं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हाच प्रकार आहे, हे त्याला आधी सांगा. मग तो ऐकेल.