वाचकांचे प्रश्न : हळदीचा डेटा उघडायचा कशात?

प्रश्न : मी एम.एस्सी. रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे. हरिपूरच्या पेवातली राजापुरी हळद आणि कोल्ड स्टोरेजमधली हळद यांतल्या कुरकुमिनची (हळदीच्या पिवळ्या रंगद्रव्याची) तुलना, असा माझा प्रकल्प आहे. बाहेरच्या प्रयोगशाळेने नमुने एलसी-एमएसवर (मिश्रणातले रेणू वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) चालवून डेटा पेनड्राइव्हमध्ये दिला, पण तो माझ्या लॅपटॉपवर उघडत नाही. कंपनीचं सॉफ्टवेअर कॉलेजला परवडत नाही आणि मला प्रोग्रॅमिंग येत नाही. ओपन-सोर्समध्ये काही सोपं आहे का, मॅडम? – एक वाचक, मिरज

उत्तर : आहे की! पण आधी पेनड्राइव्ह नीट बघ. अ‍ॅजिलेंट किंवा वॉटर्सच्या मशीनवर एका नमुन्याचा डेटा म्हणजे एक अख्खं फोल्डर असतं. कुणी आतली एखादीच फाईल कॉपी करून दिली असेल, तर ती कशातच उघडायची नाही. थर्मोचं तसं नाही, तिथे एका नमुन्याची एकच रॉ फाईल.

आता सॉफ्टवेअर. ज्याला त्याला एमझेडमाइन हे ओपन-सोर्स सॉफ्टवेअर सुचवायची पद्धत आहे. ते छानच आहे, पण ते अनोळखी रेणू शोधायला. तुला काय शोधायचंय ते आधीच ठाऊक आहे : कुरकुमिन आणि त्याची दोन भावंडं, डिमेथॉक्सी आणि बिसडिमेथॉक्सी. म्हणून मी स्कायलाइन घे म्हणेन. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मॅककॉस लॅबने ते मुळात प्रथिनांसाठी लिहिलं. पुढे छोट्या रेणूंचीही सोय झाली. फक्त विंडोजवर चालतं, पण बहुतेक कंपन्यांचा डेटा थेट वाचतं. नाव, रेणुसूत्र आणि आयनाचा प्रकार एवढा तक्ता एक्सेलमधून चिकटवायचा. तिन्हींचे पीक (peak, म्हणजे आलेखातले उंचवटे) नमुन्यागणिक शेजारी शेजारी दिसतात. पॉझिटिव्ह मोडमध्ये, म्हणजे धन आयन मोजताना, ते अनुक्रमे 369.133, 339.123 आणि 309.112 या एम/झेडवर (वस्तुमान भागिले विद्युतभार) यायला हवेत.

सॉफ्टवेअरने पीक निवडला म्हणून लगेच मान डोलवू नकोस. कुरकुमिनमध्ये 21 कार्बन आहेत, म्हणजे त्यांतल्या जड कार्बन-13 मुळे 370.137 च्या आसपास मुख्य पीकच्या साधारण 23 टक्के उंचीचा शेजारी दिसलाच पाहिजे. एमएस/एमएस (रेणू फोडून त्याचे तुकडे मोजणं) केलं असेल तर 177.05 चा तुकडाही शोध. हे डोळ्यांनी तपासता येतं, म्हणून मला स्कायलाइन आवडतं. नुसतं 'ओके' दाबून आकडा काढून देणाऱ्याला मी सोपं म्हणत नाही.

पुढे पेवातल्या हळदीत आणखी काय बदललंय हे बघावंसं वाटलं, तर मग एमझेडमाइन. त्यात विझार्ड आहे. मशीनचा प्रकार निवडला की बरीचशी मांडणी तोच करतो. त्याआधी प्रोटिओविझार्डच्या एमएसकन्व्हर्टने फायली एमझेडएमएल या खुल्या स्वरूपात करून ठेव. तिथे 'पीक पिकिंग' (प्रत्येक उंचवट्याची एक रेघ करणारा) हा फिल्टर यादीत सगळ्यात वर हवा. हा क्रम पुष्कळ जण चुकवतात आणि मग पीक असे का दिसतात म्हणून डोकं धरून बसतात.

एक गोष्ट मात्र कुठलंच सॉफ्टवेअर करून देणार नाही. पीकचं क्षेत्रफळ म्हणजे टक्केवारी नव्हे. तिन्ही रेणू सारख्याच प्रमाणात आयन होत नाहीत, त्यामुळे प्रत्येकाचं स्टँडर्ड (माहीत प्रमाणाचा शुद्ध नमुना) चालवल्याशिवाय 'पेवात इतके टक्के घट' असं लिहू नकोस. परीक्षक पहिलं तेच विचारतील. (एकूण कुरकुमिनची टक्केवारीच हवी असेल, तर 425 नॅनोमीटरवर कॉलेजचा स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटरला कशाला त्रास?)

शिवाय कुरकुमिन उजेडात विघटतं. अर्क साध्या काचेच्या बाटलीत उघड्यावर राहिला असेल, तर तुला दिसणारी घट पेवातली नसून टेबलावरची असेल. नमुने तपकिरी बाटल्यांत होते का, कुठल्या क्रमाने चालवले, हे प्रयोगशाळेला विचार. आणि त्याच दिवशीच्या ब्लँक (नुसतं द्रावक, हळद नाही) नि स्टँडर्डच्या फायलीही मागून घे. त्या सहसा कुणी आपणहून देत नाही, मागितल्या की देतात.