मुलांच्या आवडत्या पुस्तकावर आधारित, घरातल्या सगळ्यांनी वेश करून साजरा करायचा वाढदिवस कसा आखावा?

आपण विचारले आहे की, मुलीच्या वाढदिवसाला तिच्या आवडत्या पुस्तकातील पात्रांचे वेश घरातल्या सर्वांनी करावेत अशी इच्छा आहे, परंतु मोठी माणसे संकोचतात आणि खर्चाचाही अंदाज येत नाही. आम्ही माझ्या मुलीच्या आठव्या वाढदिवसाला लुइस कॅरल यांच्या ‘ॲलिस इन वंडरलँड’ या ॲलिस नावाच्या मुलीच्या गोष्टीवर असा समारंभ पुण्यातील आमच्या घराच्या गच्चीवर केला होता. त्यात तीन वर्षांच्या पुतण्यापासून शहात्तर वर्षांच्या सासूबाईंपर्यंत एकोणीस जण होते. त्यावरून माझे स्पष्ट मत असे झाले आहे की, कोणालाही वेश देण्याआधी गोष्टीतले एखादे काम द्यावे. नुसते नटून कोपऱ्यात उभे राहायचे म्हटले की मोठ्यांना संकोच वाटणारच. हातात काम असले की तो आपोआप सुटतो.

त्यासाठी सर्वांना गोष्ट ठाऊक असावी लागते. या पुस्तकाची प्रकरणे बारा आहेत, म्हणून आम्ही बारा रात्री जेवणानंतर रोज एक प्रकरण मोठ्याने वाचले. भा. रा. भागवत यांनी ही गोष्ट ‘जाईची नवलकहाणी’ या नावाने मराठीत आणलेली असल्यामुळे इंग्रजीची सवय नसलेल्या सासूबाईंनाही ती आधीच परिचयाची होती. कोण काय होणार हे आम्ही ठरवले नाही. वाचता वाचता ज्याने त्याने आपले पात्र निवडले. सासूबाईंनी बदामची राणी मागून घेतली, तेव्हा आम्हा सर्वांनाच आश्चर्य वाटले.

वेशांच्या बाबतीत माझी एक चूक झाली, ती आपण टाळावी. पुतण्यासाठी मी पांढऱ्या सशाचा केसाळ पोशाख भाड्याने आणला. मे महिन्याच्या उकाड्यात तो त्याला दहा मिनिटेही सहन झाला नाही आणि पोर रडून बेजार झाले. पुस्तक नीट आठवले असते तर हे घडले नसते, कारण ॲलिसला नवल वाटते ते सशाच्या जाकिटाचे आणि त्याच्या खिशातून निघालेल्या घड्याळाचे. पुठ्ठ्याचे कान, बिनबाह्यांचे जाकीट आणि आजोबांचे साखळीचे घड्याळ एवढ्यावर तो ससा सर्वांनी ओळखला. प्रत्येक पात्राची अशी एकच ठळक खूण शोधावी. पुस्तकाचे मूळ चित्रकार जॉन टेनिएल यांच्या चित्रात टोपीवाला या पात्राच्या टोपीला किमतीची चिठ्ठी अडकवलेली आहे, दहा शिलिंग सहा पेन्स, कारण तो टोप्या विकणारा आहे. माझ्या दिरांनी पुणेरी पगडीला तशीच चिठ्ठी लावली आणि त्यांना आणखी काहीच करावे लागले नाही.

ॲलिसचा झगा निळाच हवा असा आग्रहही धरू नये. १८६५ च्या पहिल्या आवृत्तीतील टेनिएल यांची ४२ चित्रे रंगीत नव्हती, आणि कॅरल यांच्या हयातीतच लहानग्यांसाठी निघालेल्या रंगीत आवृत्तीत तो झगा पिवळा आहे. माझ्या मुलीचा पिवळा फ्रॉक घरात होताच. जुन्या पांढऱ्या ओढणीचा एप्रन शिवून त्यावर बांधला.

उरलेल्या सर्वांसाठी पत्त्यांचा जोड हा सर्वांत स्वस्त आणि सोयीचा मार्ग आहे. पुढे एक आणि मागे एक असे दोन जाड पुठ्ठे खांद्यांवरून फितीने बांधले की झाले. पुस्तकात इस्पिकची पाने माळी आहेत, किलवरची शिपाई, चौकटची दरबारी आणि बदामची राजाची मुले. इंग्रजीत इस्पिकच्या शब्दाचा अर्थ फावडे आणि किलवरच्या शब्दाचा अर्थ सोटा असाही होतो, त्यावरून ही वाटणी आली आहे. आमच्याकडील इस्पिकच्या मुलांनी पांढरे कागदी गुलाब लाल रंगवले आणि किलवरचे शिपाई ओणवे होऊन क्रोकेच्या, म्हणजे काठीने चेंडू कमानींखालून मारायच्या खेळाच्या, कमानी झाले. पुस्तकात काठी म्हणजे जिवंत फ्लेमिंगो पक्षी आणि चेंडू म्हणजे अंगाचा गोळा करणारा जाहक हा छोटा काटेरी प्राणी असतो; आम्ही फ्लेमिंगोच्या जागी चिंध्या भरलेले लांब गुलाबी मोजे आणि जाहकाच्या जागी लोकरीचे गुंडे घेतले. कमानी मध्येच उठून दुसरीकडे जातात, हा पुस्तकातला नियम मात्र सोडू नये. सगळी मजा त्यातच आहे. राणी दर दोन मिनिटांनी कोणाचे तरी डोके उडवण्याचा हुकूम देत होती आणि राजा झालेले सासरे, पुस्तकातल्याप्रमाणेच, सर्वांना हळूच माफी देत होते.

वेळ संध्याकाळी सहाची ठेवावी, कारण टोपीवाल्याकडे नेहमी सहाच वाजलेले असतात. चहाच्या टेबलावर तो मधूनच सर्वांना एकेक जागा पुढे सरकायला लावतो आणि स्वच्छ कप फक्त त्यालाच मिळतो. आम्ही कप हलवले नाहीत, माणसे तेवढी सरकवली. त्यामुळे एरवी एकमेकांशी फारसे न बोलणारे नातेवाईकही शेजारी आले. पन्ह्याच्या बाटल्यांच्या गळ्यात ‘मला पी’ अशा चिठ्ठ्या बांधल्या. ॲलिस बाटली तोंडाला लावण्याआधी त्यावर ‘विष’ असे लिहिले नाही ना हे तपासते, ते मुलांना आवर्जून वाचून दाखवावे. लहान केकवर ‘मला खा’ ही अक्षरे बेदाण्यांची असतात. देवनागरीत प्रथम शिरोरेषेची ओळ लावून घेतली की अक्षरे वाकडी होत नाहीत.

तारखेची मोकळीक असल्यास ४ मे निवडावा. पुस्तकातील चहापान त्याच दिवशी होते, आणि जिच्यासाठी कॅरल यांनी ही गोष्ट रचली त्या ॲलिस लिडेलचा जन्मही ४ मे १८५२ चा. आपल्याकडे तेव्हा शाळांना सुट्टी असते आणि पाहुणे सहज जमतात.

शर्यत ठेवायचीच असेल तर पुस्तकातल्या डोडो पक्ष्याची ठेवावी. तिला सुरुवातीची खूण नसते, वाटेल तेव्हा धावायचे आणि वाटेल तेव्हा थांबायचे, आणि शेवटी सगळेच जिंकतात. ॲलिस खिशातून काढून जे बक्षीस वाटते ते साखरेचे पुट चढवलेले दाणे, म्हणजे जवळजवळ आपला काटेरी हलवाच. सासूबाईंनी संक्रांतीचा हलवा डब्यात जपून ठेवला होता, तो वाटला. पुस्तकात लहान पक्ष्यांना ते दाणे घशात अडकतात, म्हणून अगदी लहान मुलांना हलव्याऐवजी मऊ लाडू द्यावा; पुतण्याला आम्ही तोच दिला.

ॲलिसपाशी स्वतःसाठी काहीच उरत नाही, तेव्हा तिच्याच खिशातले अंगुस्तान, म्हणजे शिवताना बोटात घालायची टोपी, डोडो तिला समारंभपूर्वक बक्षीस देतो. आम्ही सासूबाईंचे पितळी अंगुस्तान मुलीच्या एप्रनच्या खिशात आधीच ठेवून दिले होते. राणीने ते काढून तिच्या बोटात घातले, आणि ते आता तिच्याकडेच आहे.