उन्हाळ्यात वर्गात बसतं कोण?

मे महिना लागला की या सदराच्या टपालात एकच विषय असतो: समर, म्हणजे कॉलेजचं उन्हाळी सत्र. कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) मी सतरा वर्षं नावनोंदणीच्या खिडकीशी बसले आणि आता सहा वर्षं आतल्या खोलीत त्याच नोंदणीचे आकडे जुळवते. म्हणून संपादकांनी या वेळचा सगळा गठ्ठा माझ्याकडे सरकवला आहे. फीचे आणि नियमांचे तपशील मी माझ्या राज्यापुरते देते. टेक्सास, न्यू जर्सीच्या मंडळींनी आपापल्या कॉलेजात खात्री करून घ्यावी.

ताई, आमच्या कॉलेजचं पत्रक घरी येतं. त्यात 'समरचे विद्यार्थी वाढले' असं ठळक अक्षरात छापलं होतं. त्याच आठवड्यात माझा संध्याकाळचा अकाउंटिंगचा वर्ग 'पुरेसे विद्यार्थी नाहीत' म्हणून रद्द झाला. आम्हाला वेडं समजतात का? (एक वाचक, सॅन होजे)

तुमचा राग कळतो, पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. आमच्याकडे विद्यार्थी दोन तऱ्हांनी मोजतात. पत्रकात छापतात ती नुसती डोकी. सरकारकडून येणारे पैसे मात्र बरेचसे तासांवर ठरतात. एका विद्यार्थ्याचे ५२५ तास म्हणजे एक पूर्ण विद्यार्थी, कागदावरचं त्याचं नाव 'एफटीईएस'. तीन युनिटांचा (युनिट म्हणजे क्रेडिटचं माप) साधा वर्ग साधारण ५४ तासांचा धरा. समरला दहा जणांनी असा एकेक वर्ग घेतला की तास झाले ५४०. पत्रकात दहा माणसं वाढली, आमच्या वहीत जेमतेम एक.

फॉलला, म्हणजे ऑगस्टनंतरच्या मुख्य सत्राला, बारा-पंधरा युनिटं घेणारी मुलं पुष्कळ असतात. समरला बहुतेक जण एकच वर्ग घेतात, फार तर दोन. आणि येणारी माणसंही निराळी असतात. फॉलच्या पहिल्या आठवड्यात खिडकीसमोरच्या रांगेत कामाच्या गणवेशातली माणसं दिसायची, कडेवर मूल घेतलेल्या बाया दिसायच्या. जूनमध्ये त्याच रांगेत एका विद्यार्थ्यामागे दोन पालक. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा, तोंड मिटून उभा, सगळं बोलणं आई करणार. हातात हायस्कूलच्या प्रिन्सिपलच्या सहीचा कागद. (ही सही नुसती औपचारिकता नव्हे. समरसाठी प्रिन्सिपलने एका इयत्तेतल्या पाच टक्क्यांहून जास्त मुलांची शिफारस करू नये असा आमच्या राज्याचा नियम आहे, काही अपवाद सोडून. 'शेजारच्या मुलीला दिली, आमच्या मुलाला का नाही' हे भांडण मी खिडकीतून बऱ्याच वेळा ऐकलं आहे.)

ही हायस्कूलची मुलं आता फक्त समरची पाहुणी राहिलेली नाहीत. देशभरातल्या कम्युनिटी कॉलेजांत ढोबळमानाने पाचातला एक विद्यार्थी अजून हायस्कुलात आहे. २०२० च्या फॉलला, कोविडच्या पहिल्या वर्षी, कम्युनिटी कॉलेजांनी एका झटक्यात जवळजवळ दहा टक्के विद्यार्थी गमावले. तो खड्डा नंतर भरत आला, पण त्यात गेलेले सगळे परत आले असं नाही. बरीचशी भर या पोरांनी घातली. म्हणजे 'वाढ' झाली ती दुपारच्या सायकॉलॉजीत आणि ऑनलाइन हेल्थच्या वर्गात. तुमच्या संध्याकाळच्या अकाउंटिंगला येणारा तिशी-चाळिशीतला नोकरदार मात्र आलाच नाही.

तो का येत नाही, हेही सांगते, कारण ही उलटी गंमत बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. नोकऱ्या मुबलक असल्या की मोठी माणसं कॉलेजकडे फिरकत नाहीत; नोकऱ्या गेल्या की येतात. २००८ च्या मंदीनंतरचे दोन-तीन उन्हाळे मी विसरणार नाही. नोकरी गेलेली पन्नाशीची माणसं फायली छातीशी धरून रांगेत उभी, आणि नेमका तेव्हाच राज्याच्या तिजोरीत खडखडाट. कॉलेजांनी वर्ग कापायला सुरुवात केली ती समरपासून. माणसं होती तेव्हा वर्ग नव्हते, आता वर्ग लावतो तर माणसं नाहीत.

एक आतली गोष्टही सांगून टाकते. आमचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं, म्हणजे बरोब्बर समरच्या मध्यावर. जूनमध्ये सुरू होऊन जुलैत संपणारे काही वर्ग या वर्षाच्या खात्यात दाखवायचे की पुढच्या, याची थोडी मोकळीक कॉलेजला असते. त्यामुळे समरचा पैशाचा आकडा एखाद्या वर्षी उड्या मारतो आणि पुढच्या वर्षी कोसळतो. वर्गातल्या खुर्च्या मात्र तितक्याच भरलेल्या असतात. म्हणून एका वर्षाचा आकडा घेऊन मी कोणाशीच वाद घालत नाही.

माझी मुलगी इथे दुसरीपासून शिकली. व्हिसा एच-४, नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबीयांचा. कॉलेजच्या अर्जात तिने 'एशियन: इंडियन'वर खूण केली. तरी एका अहवालात कॉलेजचे एशियन विद्यार्थी जास्त दिसतात, दुसऱ्यात कमी. ती नक्की कुठे मोजली जाते? (एक बाबा, फ्रिमाँट)

दोन ठिकाणी, दोन वेगवेगळ्या नावांनी. राज्याच्या हिशेबात ती तिने खूण केली तीच, एशियन. संघीय सरकारला आम्ही जो तक्ता पाठवतो त्यात मात्र तात्पुरत्या व्हिसावरची सगळी माणसं 'नॉनरेसिडेंट' या एकाच रकान्यात जातात. वंश कोणता हे तिथे विचारतच नाहीत. तुमची मुलगी, परवा विमानातून उतरलेला एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरचा मुलगा आणि एखादी कोरियाची विद्यार्थिनी, तिघं एकत्र. आपल्या लोकांची वस्ती दाट असलेल्या गावांत यामुळे आकडा चांगलाच हलतो.

यात एक गोंधळ नेहमी होतो. संघीय तक्त्यातलं 'नॉनरेसिडेंट' आणि फीच्या पावतीवरचं 'नॉनरेसिडेंट' यांचा एकमेकांशी संबंध नाही. एच-४ वरच्या मुलीला राज्यात वर्षभराहून जास्त वास्तव्य आणि इथेच राहण्याचा इरादा दाखवता आला, तर फीपुरती ती कॅलिफोर्नियाची रहिवासी ठरू शकते. मग फी युनिटाला ४६ डॉलर. २०१२ च्या समरपासून ती तेवढीच आहे, इथे न वाढलेली कदाचित ही एकच गोष्ट. रहिवासी नसाल तर याच्या कितीतरी पट.

आणि २१वा वाढदिवस लक्षात ठेवा, त्या दिवशी मुलांचा एच-४ संपतो. एका मुलीचा तो जुलैच्या मध्यावर आला होता. स्टॅटिस्टिक्सचा वर्ग सुरू केला तेव्हा ती एच-४ वर होती. वडिलांचं ग्रीन कार्ड रांगेत अडकलेलं, म्हणून वाढदिवसाआधी एफ-१ चा अर्ज. एफ-१ म्हणजे रहिवासाचा दर्जा गेला, आणि फॉलची पावती दुसऱ्याच आकड्याची आली. ती पावती तिने माझ्या खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि मला म्हणाली, 'मी कुठेच गेले नाहीये.' माझ्या तक्त्यात खरोखरच ती कुठेच गेली नव्हती. आधीही नॉनरेसिडेंट, नंतरही नॉनरेसिडेंट. मुलगी वीस वर्षांची व्हायच्या आतच इमिग्रेशन वकिलाशी बोलून घ्या, समर उजाडायची वाट पाहू नका.

मुलगा यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात) दुसऱ्या वर्षाला आहे. समरला घरी राहून इथल्या कॉलेजात कॅल्क्युलस करतो म्हणतो, जोडीला इंटर्नशिपही. मैत्रिणी म्हणतात, तिथे सोपं असतं, करू दे. (एक आई, अर्व्हाइन)

मैत्रिणींना एकदा समरच्या कॅल्क्युलसच्या वर्गाबाहेर उभं करा. निम्म्या पाठपिशव्यांवर मोठमोठ्या युनिव्हर्सिट्यांची नावं दिसतील. समरला आमच्याकडे ही दुसरी पाहुणी मंडळी: घरी आलेली, पैसे आणि एक सेमिस्टर वाचवायला बसलेली. शिक्षक सांगतात, समरच्या गणिताच्या वर्गाचा वेग फॉलपेक्षा जास्त, आणि मागे राहणाऱ्याला थांबून घ्यायला वेळ नाही.

आता हिशेब. पाच युनिटांचा वर्ग म्हणजे सुमारे ९० तास. तो सहा आठवड्यांत बसवायचा तर आठवड्याला १५ तास वर्गात, आणि दुप्पट अभ्यास धरतात म्हणून आणखी ३०. झाली पूर्णवेळ नोकरी आणि वर ओव्हरटाइम. इंटर्नशिप कधी करणार? रात्री?

तरीही करायचंच असेल तर आधी 'असिस्ट' या संकेतस्थळावर पाहा. आमच्या कॉलेजचा कुठला विषय यूसीच्या कुठल्या विषयाऐवजी चालतो ते तिथे कॉलेजवार दिलेलं आहे. त्याच्या विभागाच्या सल्लागाराकडून एक ईमेल लेखी घेऊन ठेवावी. आमच्याकडचे मार्क यूसीच्या जीपीएत धरत नाहीत, फक्त युनिटं जातात, म्हणून मुलं निर्धास्त असतात. पण पुढे मेडिकलला अर्ज करायचा झाला तर जिथे जिथे शिकलात तिथली प्रत्येक ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रिका) द्यावी लागते, हायस्कूलमध्ये असताना घेतलेल्या वर्गाचीसुद्धा. सोळाव्या वर्षीचा समरचा 'डी' बाविसाव्या वर्षी दार ठोठावतो.

आणि सोडायचंच ठरलं तर लगेच सोडा. छोट्या मुदतीच्या वर्गाची फी परत मिळते ती पहिल्या दहा टक्क्यांपर्यंतच. सहा आठवड्यांच्या वर्गात हे दहा टक्के म्हणजे तीन-चार दिवस. लोक दुसऱ्या सोमवारी येतात आणि मग माझ्यावर चिडतात.

ऑनलाइन इंग्लिशच्या वेटलिस्टवर मी नववी होते. वर्ग सुरू झाल्यावर कळलं, आत अर्धे जण खोटेच होते. हा काय प्रकार? (एक वाचक, सॅक्रामेंटो)

यांना आमच्याकडे 'घोस्ट स्टुडंट' म्हणतात, भुतं. २०२१ पासून यांनी उच्छाद मांडला आहे. चोरलेल्या किंवा बनावट नावांनी अर्ज भरायचा, ऑनलाइन वर्गात नाव घालायचं, फायनान्शियल एडचा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा, पैसा खात्यात आला की गायब. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं, सगळ्यांचा अर्ज एकाच धाटणीचा आणि दार सर्वांना उघडं. चोराला आणखी काय हवं? समरच्या ऑनलाइन वर्गात त्यांचं फावतं, कारण चेहरा दिसत नाही आणि मुदत छोटी.

आमच्या एका शिक्षिकेने पहिल्याच दिवशी वर्गाला लिहायला सांगितलं: तुम्ही आत्ता बसला आहात तिथे खिडकीतून काय दिसतं? चौदा जणांनी एकाच नमुन्याचं उत्तर दिलं, निळं आकाश आणि डोलणारी झाडं. रात्री दहा वाजता! २०२५ च्या समरपासून संघीय शिक्षण खात्याने पहिल्यांदाच एड मागणाऱ्या काही जणांची ओळख समोरासमोर किंवा व्हिडिओवर तपासायला लावली आहे. त्यामुळे खऱ्या मुलांचीही थोडी रखडपट्टी होते. आमच्या खोलीत आता भुतं वगळल्याशिवाय वाढ-घट काढत नाही.

तुम्ही एवढंच करा: वेटलिस्टवर असलात तरी पहिल्या दिवशी सकाळीच शिक्षकांना स्वतःच्या शब्दांत ईमेल लिहा. भुतांची नावं काढली की जागा पटापट सुटतात, आणि शिक्षकांच्या लक्षात राहतं ते जिवंत माणूस.

समरला पेल ग्रँट मिळते का? (एक विद्यार्थी, फ्रेझ्नो)

मिळते. (पेल म्हणजे कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी, परत न करायची संघीय मदत.) २०१७ पासून फॉल आणि स्प्रिंगमध्ये पूर्ण ग्रँट वापरलेल्यालाही समरसाठी आणखी मिळू शकते, वर्षभराची मिळून १५० टक्क्यांपर्यंत. पण आयुष्यभराची मर्यादा आहे, बारा पूर्ण सेमिस्टरं. समरला घेतलेलं त्यातूनच वजा होतं, हे विसरू नका.

सासूबाई व्हिजिटर व्हिसावर चार महिने आल्या आहेत. त्यांना कॉलेजात इंग्लिशच्या वर्गात घालू का? (एक सून, मिलपीटस)

नको. बी-२ वर असताना नेमाने अभ्यासक्रमाला नाव घालता येत नाही. दोन दिवसांचा हौशी स्वयंपाकाचा वर्ग चालतो, क्रेडिटचा किंवा रीतसर इंग्लिशचा नाही. लायब्ररीतल्या गप्पांच्या गटात न्या.

वय ४६. सगळी पोरंच असतील ना हो वर्गात? (एक वाचक, फ्रिमाँट)

देशभरातल्या कम्युनिटी कॉलेजांत सरासरी वय सत्ताविशीच्या आसपास आहे, पण सरासरीवर जाऊ नका. मागच्या समरला आमच्या एका मराठी बाईंच्या शेजारी पंधरा वर्षांचा मुलगा आणि पलीकडे निवृत्त बस ड्रायव्हर होते. दोघांच्या वयाची सरासरी काढा, त्या वयाचं वर्गात कोणीच नव्हतं. दुपारच्या वर्गात पोरं जास्त, संध्याकाळी आणि ऑनलाइन तुमच्या वयाची माणसं जास्त. वरच्या सॅन होजेच्या गृहस्थांचा रद्द झालेला अकाउंटिंगचा वर्ग आठवतो ना? असे वर्ग अनेकदा दोन-तीन नावं कमी पडली म्हणून जातात. नाव घालायचं असेल तर शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. आणि स्वेटर घेऊन या, समरला आमच्याकडे एसी फार जोरात असतो.