पहिल्याच बाकावर बसा

प्रिय मुली,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. उन्हाळ्याचे अडीच महिने परदेशात, ओळखीचं कुणी नाही, मोठा चार वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. नव्या चर्चमध्ये पहिल्याच रविवारी धाकटीनं ऐन प्रवचनात भोकाड पसरलं, एका बाईंनी मान वळवून पाहिलं, आणि तू दोघांना घेऊन बाहेर पडलीस ती परत आत गेलीच नाहीस. आता विचारतेस, एवढा उन्हाळा घरीच मोबाइलवर भक्ती पाहिली तर चालेल का.

भक्तीला का जायचं हे मी तुला सांगत बसणार नाही, ते तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. मला खटकलं ते तुझं एकच वाक्य. ‘पटकन सटकता यावं म्हणून आम्ही मुद्दाम दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसलो होतो.’ तिथंच घोळ झाला. पहिल्या बाकावर बसा.

हसू नकोस. पुढच्या वेळी सगळे उभे राहिले की मुलाशेजारी गुडघ्यावर बसून बघ, त्याला काय दिसतं ते. समोरच्या माणसाची कंबर. जिथं काहीच दिसत नाही तिथं ‘तासभर गप्प बस’ म्हणायचं, आणि तो चुळबूळ करायला लागला की डोळे वटारायचे! मोठ्या माणसालासुद्धा ते जमायचं नाही. पुढून त्याला मेणबत्ती पेटवणारा हात दिसतो, भाकर मोडताना दिसते, गाणाऱ्यांची उघडी तोंडं दिसतात. परकी भाषा कानाला कळत नसेल, तर डोळ्यांना तरी काही काम द्यायला नको का?

मी हे एवढ्या हट्टानं बोलते त्याला कारण आहे. आम्हीही एक उन्हाळा असाच परक्या देशात काढला. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी दोनची. तीन रविवार शेवटच्या बाकावर बसलो, चौथ्या रविवारी मी मुलीला कडेवर घेऊन पूर्ण वेळ बाहेरच्या पायऱ्यांवर, आणि पाचव्या रविवारी ‘आज राहू दे’ म्हटलं. ते राहिलं ते परत घरी येईपर्यंत राहिलंच. कुणी आम्हाला एक शब्द वावगा बोललं नव्हतं, बरं का. मीच मनातल्या मनात सगळ्यांच्या कपाळावरच्या आठ्या मोजत होते.

पुढं मुलगा कॉलेजात गेल्यावर मी त्याला सहज विचारलं, त्या चर्चमधलं काही आठवतं का रे? म्हणाला, एक तपकिरी कोट आठवतो. त्याला मागं पट्टा होता आणि पट्ट्याला दोन बटणं, त्यातलं एक दोऱ्यावर लोंबत होतं. तीन रविवारांत माझ्या मुलानं देवाच्या घरात पाहिलं ते एवढंच.

आज तो चर्चला जात नाही. ‘त्याचा बाकाशी काही संबंध नाही, आई,’ म्हणतो. त्याला काय कळतंय. त्या उन्हाळ्यानंतर मी पहिला बाक धरला तो सोडला नाही, आणि त्याच बाकावर वाढलेली मुलगी आजही न चुकता जाते. दोन मुलांवरून असा नियम काढता येत नाही, असं आमचे हे म्हणायचे. हे कायम मागं बसणाऱ्यांतले.

कडेला बसणाऱ्यांचं काय होतं ते बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहेच. विसाव्या अध्यायातला युतुख आठव. त्रोवस शहरात प्रेषित पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलं आणि खिडकीत बसलेला हा पोरगा डुलकी लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. जिवंत झाला म्हणून बरं. पौलाच्या पुढ्यात बसला असता तर फार तर मांडीवर लवंडला असता.

आता तुझ्या बाकीच्या प्रश्नांकडे येते.

रडली तर? पहिल्या बाकाचं भिंतीकडचं टोक धर. रडली तर कडेनं बाहेर जा, शांत कर आणि परत त्याच बाकावर येऊन बस. हे परत येणं फार महत्त्वाचं. मोठा बघत असतो. आपल्या रडण्यानं आई कायमची बाहेर पडते हे एकदा त्याच्या ध्यानात आलं, की पुढच्या रविवारी तोच रडेल. काही चर्चमध्ये मागं काचेची खोली असते, आत आवाज स्पीकरवरून येतो. दूध पाजायला ती उत्तम. तिथं मुक्काम करू नकोस. तेही शेवटचंच बाक, फक्त काचेचं.

भाषेचं म्हणशील, तर शनिवारी रात्री उद्या वाचायचा बायबलातला पाठ मुलांना मराठीत वाचून दाखव. कॅथलिकांच्या रविवारच्या मिस्साचे, म्हणजे त्यांच्या भक्तीचे, वाचनपाठ तीन वर्षांच्या चक्रानं जगभर ठरलेले असतात. १९९२ साली आलेली तशीच सामाईक पाठावली बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्या वापरतात. चर्चला विचारलंस तर पाठ आधीच सांगतील. घर सोडून गेलेल्या आणि डुकरं राखायची पाळी आलेल्या उधळ्या पुत्राची गोष्ट रात्री ऐकलेली असली, की सकाळी परक्या भाषेतही मूल ‘डुकरं कधी येणार?’ म्हणून कान टवकारून बसतं. वेळही शनिवारीच विचारून घे. उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी भक्तीची वेळ बदलते आणि शब्बाथशाळेला, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाला, सुट्टी असते.

प्रभुभोजनाचं, म्हणजे भक्तीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचं, दारातच विचार, लाजू नकोस. ऑर्थोडॉक्स मंडळीत बाप्तिस्मा झालेल्या तान्ह्या बाळालाही चमच्यानं देतात. कॅथलिकांत साधारण सात वर्षांची समज यावी लागते. पोप दहाव्या पायसनं १९१० मध्ये वय तिथवर खाली आणलं, त्याआधी मुलं दहा-बारा वर्षांची होईपर्यंत थांबत. दुसऱ्या पंथातल्यांना बहुतेक देत नाहीत, तेव्हा गैरसमज नको. पुष्कळ ठिकाणी लहान मूल छातीवर हातांची फुली करून पुढं गेलं की त्याला आशीर्वाद देतात. मोठ्याला घरी शिकवून ठेव, त्याला ऐट वाटेल. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये कदाचित बाकंच नसतील, सगळे उभे. मग पुढं उभी राहा.

मोबाइलवरच्या भक्तीचं विचारलंस. मूल तापानं फणफणलंय, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, अशा रविवारी घरी थांब आणि मनाला लावून घेऊ नकोस. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथानंही (परिच्छेद २१८१) तान्ह्या बाळांची काळजी हे रविवारी न येण्याचं रास्त कारण धरलंय. पण एका बाईनं मान वळवली, हे कारण होत नाही ग! तिनं रागानं पाहिलं हे तुला कसं कळलं? कदाचित तिला स्वतःची नातवंडं आठवली असतील. आणि रागावली असेल तर रागावू दे. मुलांना अडवणाऱ्या शिष्यांवर प्रभू रागावला होता, मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात काढून बघ. आयांवर नव्हता रागावला.

शिवाय पहिल्या बाकावर बसलीस तर मान वळवून बघायला पुढं कुणी नसतंच. हे मला स्वतःला फार उशिरा सुचलं.

मोठ्याच्या हातात दानासाठी एक नाणं दे, त्याचं त्यालाच टाकू दे. खुळखुळणारं खेळणं घरी ठेव. भक्ती संपली की पळू नकोस, दाराशी उभी राहून ‘आम्ही उन्हाळ्यापुरते आलोय’ एवढं सांग.

आणि रविवारी रात्री मला कळव, कुठं बसलात ते. ‘मधे कुठंतरी’ असं लिहू नकोस.

तुझी,
मावशी